तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रीन बे टिकलं कसं?

मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो म्हटलं की क्रिकेटवाली मित्रमंडळी हटकून विचारतात, "ग्रीन बे तर लाखभर वस्तीचं गाव. त्यांचा अमेरिकन फुटबॉलचा संघ, ग्रीन बे पॅकर्स, एनएफएल या लीगमध्ये न्यूयॉर्क-शिकागोच्या पंगतीला बसतो कसा?" पॅकर्सला कुणी धनाढ्य मालक नाही, लाखो साधे भागधारक आहेत, हे लोकांना ठाऊक असतं. पण त्याने पोट भरत नाही. पोट भरतं टीव्हीने.

व्यावसायिक फुटबॉल टीव्हीवर पहिल्यांदा दिसला तो 22 ऑक्टोबर 1939 ला, ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवरून. तेव्हा बघणार कोण, संच होतेच किती! संघमालकांना घाम फुटला 1950 मध्ये. लॉस एंजेलिस रॅम्स या संघाने घरच्या मैदानावरचे सामने टीव्हीवर दाखवले आणि स्टेडियमची गर्दी जवळपास निम्म्याने घटली. तो तोटा भरून दिला प्रायोजक ॲडमिरलने. टीव्ही संच बनवणारी कंपनी, म्हणजे तिचं काही बिघडलं नाही! पुढच्या वर्षी रॅम्सने प्रक्षेपण आवरतं घेतलं, गर्दी परतली, आणि सगळ्यांनी धडा घेतला: सामना ज्या गावात, त्या गावाच्या टीव्हीवर तो दाखवायचा नाही. 1958 ची लीगची अंतिम लढत न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये झाली. देशभर कोट्यवधींनी ती घरबसल्या पाहिली, न्यूयॉर्ककरांच्या पडद्यावर मात्र ती नव्हतीच.

तोवर प्रत्येक संघ आपापले प्रक्षेपण हक्क विकत होता. न्यूयॉर्कला गिऱ्हाईक मोठं, ग्रीन बेला कोण विचारतो? 1960 मध्ये पीट रोझेल लीगचे आयुक्त झाले. त्यांनी न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिसच्या मालकांना पटवलं की हक्क एकत्र विकू आणि पैसे सारखे वाटून घेऊ. मोठ्यांनी स्वतःच्या खिशाला कात्री लावून घेतली, याचं मला अजून नवल वाटतं. सीबीएस या टीव्ही कंपनीशी करार झाला, पण न्यायालयाने तो मक्तेदारीविरोधी कायद्यावर बोट ठेवून अडवला. रोझेल थेट अमेरिकेच्या संसदेकडे गेले, आणि 30 सप्टेंबर 1961 ला राष्ट्राध्यक्ष केनेडींनी एकत्र विक्रीला मुभा देणाऱ्या कायद्यावर सही केली. त्यात एक खुबीदार कलमही आहे. शाळा-कॉलेजांच्या सामन्यांचे प्रेक्षक पळू नयेत म्हणून हंगामातल्या बहुतेक शुक्रवारी रात्री आणि शनिवारी लीगला टीव्हीपासून लांब ठेवलेलं आहे. रविवार फुटबॉलचा झाला त्यामागे हेही एक कारण.

पुढचं सगळं या पायावर उभं राहिलं. 1970 मध्ये एबीसी या टीव्ही कंपनीने सोमवारच्या रात्रीचे सामने घेतले. 1993 मध्ये फॉक्स या दुसऱ्या टीव्ही कंपनीने चार वर्षांसाठी 158 कोटी डॉलर मोजून सीबीएसकडून सामने हिसकावले, तेव्हा फॉक्सला वेड लागलंय असं सगळ्यांना वाटलं. 2021 चे करार तर 11 वर्षांचे आणि 100 अब्ज डॉलरच्या पुढचे. आयपीएलचे प्रक्षेपण हक्क बीसीसीआय एकगठ्ठा विकते आणि संघांना वाटा देते, तेव्हा मला रोझेलच आठवतात.

पॅकर्स भागधारकांचे असल्यामुळे त्यांना दरवर्षी हिशेब जाहीर करावा लागतो. 2024 च्या हिशेबात लीगच्या सामायिक ("राष्ट्रीय") उत्पन्नातला त्यांचा वाटा 40 कोटी डॉलरच्या वर होता, आणि त्यातला मोठा भाग टीव्हीचा. बाकीचे मालक वह्या उघडत नाहीत. पण वाटा सगळ्यांचा सारखाच, त्यामुळे डॅलसच्या संघाला किती मिळाले हे लिहायचं असलं की पत्रकार ग्रीन बेचा ताळेबंद उघडतात.