दीडशे रुपयांचं ड्रॉपरवालं शाईपेन: खोक्यातून कागदापर्यंत

पारदर्शक अॅक्रिलिकची दांडी, काळं टोपण, स्टीलची निब आणि निबच्या पोटाखाली एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, फीड (दांडीतली शाई निबच्या टोकापर्यंत नेणारी खाचेची पट्टी). आत काट्रिज (शाईची तयार नळी) नाही, कन्व्हर्टर (शाई ओढून घेणारा छोटा पंप) नाही. शाई ड्रॉपरने थेट दांडीत ओतायची. किंमत दीडशे रुपये. निबवर ‘इरिडियम पॉइंट जर्मनी’ असा शिक्का आहे, पण तो मनावर घेऊ नका. असा शिक्का मारलेल्या निबा कुठेही बनतात आणि हल्लीच्या टोकांत इरिडियम क्वचितच असतं. एबोनाइटचं फीड मात्र या किमतीत मिळालं तर घ्यावंच. त्यावर शाई चांगली पसरते आणि गरम करून त्याला आकार देता येतो. प्लास्टिकच्या फीडला ही सोय सहसा नाही.

शाई भरण्याआधी पेन कोरडंच तपासलं. दहापट दाखवणाऱ्या घड्याळजीच्या भिंगातून निबचं टोक समोरून पाहिलं, तेव्हा दोन पात्यांपैकी उजवं किंचित वर होतं. निब खरखरण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच असतं, आणि नेमकं इथेच लोक पॉलिश पेपर हातात घेतात. घासून टोकाचा कठीण धातू उडाला की निब गेली. वर असलेलं पातं नखाने खाली दाबायचं, पाच सेकंद धरायचं, सोडायचं आणि पुन्हा भिंगातून बघायचं. माझ्या निबला चार वेळा दाबावं लागलं.

टोपणाची परीक्षा तोंडाने होते. टोपणाच्या उघड्या बाजूला ओठ लावून फुंकायचं. हवा कोंडली तर ठीक. वरून, क्लिपच्या कडीपाशी सुटली तर निब रात्रीत वाळणार. माझ्या टोपणातून बारीक सूं आवाज येत होता. क्लिप धरून ठेवणारा वरचा स्क्रू काढला, त्याच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावलं आणि परत घट्ट बसवला, तेव्हा आवाज थांबला.

मग धुणं. नव्या पेनात कातकामाचं तेल आणि एबोनाइटचा भुगा राहिलेला असतो. ‘नवीन पेन आहे, दोन पानं लिहिलं की सुटेल’ हे ऐकायला बरं वाटतं, पण तेलावर शाई चिकटत नाही आणि भुगा आपोआप बाहेर येत नाही. निब आणि फीड एकत्र काढायचं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा भोवती गुंडाळला की पकड येते. सरळ ओढायचं, पिळायचं नाही. पिळलं की फीड तुटतं किंवा निबचं पातं वाकतं. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून जुन्या टूथब्रशने फीडची खाच घासली. खाचेतून तपकिरी भुश्श्याचा एक गुंडाळा निघाला, साधारण तिळाएवढा. तो तसाच राहिला असता तर मी सगळा दोष निबवर ढकलला असता. दांडीतही ड्रिलचा कीस होता, तो कापसाच्या काडीने काढला. साबण जाईपर्यंत सगळं साध्या पाण्यातून काढलं आणि रात्रभर टीपकागदावर उभं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी निब-फीड जागेवर बसवून दिव्यासमोर आडवं धरलं, तर दोघांच्या मधून उजेड दिसला. या फटीमुळे शाई टोकापर्यंत पोहोचत नाही, मध्येच थांबते, आणि माणूस पेन झटकायला लागतो. उपाय उष्णतेचा आहे. पाणी उकळून दोन मिनिटं तसंच ठेवलं आणि फक्त निब-फीडचं पुढचं टोक पंचवीसेक सेकंद बुडवलं. बाहेर काढल्या काढल्या अंगठ्याने फीड निबवर दाबलं आणि गार होईपर्यंत धरून ठेवलं. एकदा करून फट निम्मी झाली, दुसऱ्यांदा पूर्ण गेली. निब ज्या नळीत बसते ती नळी आणि दांडी मात्र गरम पाण्यापासून लांब ठेवायची. अॅक्रिलिकला बारीक तडे जाऊ शकतात, आणि एबोनाइट गरम पाण्यात फार वेळ राहिलं तर काळं असतं ते मातकट तपकिरी होतं.

आता आटे. शाई थेट दांडीत असल्यामुळे पुढची नळी आणि दांडी जिथे जुळतात तिथून गळती होते. त्या आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर हवा, गव्हाच्या दाण्याएवढा पुरतो. पाणी शुद्ध करणारी यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांकडे रबरी कड्यांना लावायला ते असतं, डबीतलं थोडंसं मिळून जातं. व्हॅसलीन लावू नका. पेनात रबराची कडी असेल तर ती फुगते आणि ढिली पडते. नळाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन पट्टीही नको. तिने आटे जाड होतात आणि पातळ अॅक्रिलिकच्या दांडीला उभा तडा जातो.

शाई साधी, धुतली जाणारी निळी घेतली. आपल्याकडे कॅमलची रॉयल ब्लू कुठेही मिळते. कॅमलिनची सुरुवातच मुळी १९३१ साली शाईच्या पुड्या आणि गोळ्यांनी झाली. दुकानात बाटलीवरचं लेबल मात्र नीट वाचा. ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई चुकून आणली तर ती फीडमध्ये वाळते आणि पाण्याने निघत नाही. दोन मिलिलिटरच्या सिरिंजने भरलं; एक पूर्ण सिरिंज आणि वर थोडी, म्हणजे साधारण २.४ मिलिलिटर. लहान काट्रिजमध्ये जेमतेम ०.८ मावते. आट्यांच्या खाली दोन-तीन मिलिमीटर जागा सोडली, नाहीतर नळी फिरवताना शाई बोटांवर येते.

पाश्चात्त्य हौशी लोक पेन तपासायला आठाचे आकडे काढतात. देवनागरी लिहिणाऱ्याकडे त्याहून चांगल्या दोन कसोट्या आहेत. एक अनुस्वार: ‘संध्याकाळ’, ‘मंगळवार’, ‘अंगण’ असे शब्द लिहायचे. पेन उचलून नुसतं टेकवलं की टिंब उमटलं पाहिजे. दाबून किंवा गोल फिरवून काढावं लागलं तर शाई टोकावर हजर नाही. दुसरी शिरोरेषा: ओळ आधी बिनरेषेची लिहायची आणि मग पानाच्या एका समासापासून दुसऱ्यापर्यंत एका दमात रेघ ओढायची. ओघ पुरत असेल तर रेघ शेवटपर्यंत एकाच रंगाची राहते.

अनुस्वार पास झाले. शिरोरेषा पहिल्या सात ओळी छान, आठव्या ओळीला उजवीकडे फिकट, दहाव्या ओळीला अर्ध्यातच तुटली. दोन मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. हे लक्षण निबचं नसतं. दांडीतून जितकी शाई बाहेर जाते तितकी हवा आत यायला हवी, आणि खाच अरुंद असेल तर हवा वेळेवर आत येत नाही. फीड पुन्हा काढलं आणि पातळ कटरची धार खाचेतून मागून पुढे, अजिबात जोर न लावता, दोनदा फिरवली. तिसऱ्यांदा फिरवायचा मोह आवरला. जास्त रुंद झालेली खाच अरुंद करता येत नाही, फीडच बदलावं लागतं. त्यानंतर दोन पानं शिरोरेषा तुटली नाही. ओघ मात्र वाढला आणि शाळेच्या साध्या वहीवर शाई फुटायला लागली, मागच्या बाजूलाही उमटली. फीड निबच्या टोकापासून एखादा मिलिमीटर मागे सरकवल्यावर ते बरंच आटोक्यात आलं. ८० जीएसएमच्या कागदावर आता तक्रार नाही. पातळ वहीवर एकाच बाजूला लिहायचं.

ड्रॉपरच्या पेनाची खरी खोड शाई संपत आल्यावर दिसते: लिहिता लिहिता टपकन डाग पडतो. लोक लगेच गळतं म्हणून बाद करतात, पण कारण हाताच्या उबेत आहे. दांडी दोन तृतीयांश रिकामी असेल तर आत सुमारे १.६ मिलिलिटर हवा असते. ती २८ अंशांवरून ३४ अंशांवर गेली की जवळपास दोन टक्के फुगते, म्हणजे ०.०३ मिलिलिटर शाई बाहेर ढकलते. ड्रॉपरचा एक थेंब ०.०५ मिलिलिटर धरला तर अर्ध्या थेंबाहून जास्त! एवढी शाई अडवून धरायला फीडवर बारीक आडव्या खाचांचा दाट कंगवा लागतो, आणि या पेनाच्या फीडवर मोजून चार खाचा आहेत. भरलेल्या दांडीत हवाच नसते, म्हणून तेव्हा डाग पडत नाही. त्यामुळे शाई अर्ध्यावर आली की मी भरून टाकतो. तेवढी सवड नसेल तर निब वर करून दांडी मिनिटभर मुठीत धरायची. हवा आधीच गरम होऊन वरून निघून जाते आणि मग लिहायला घ्यायचं. आंध्रातल्या राजमुंद्रीची हाताने कातलेली एबोनाइटची पेनं कमी टपकतात असं म्हणतात, त्यात एबोनाइटपेक्षा त्यांच्या जाड भिंतीचा वाटा मोठा असावा.

काही गोष्टींना हात लावला नाही. टोपण उघडायला साडेतीन फेरे लागतात. फोनवर बोलताना पत्ता टिपून घ्यायला हे पेन निरुपयोगी आहे. क्लिप जाड खिशावर बसत नाही. नव्या एबोनाइटला गंधकाचा वास येतो, तो हळूहळू कमी होतो.

हाताचं काम सगळं मिळून दीड तासाचं झालं, वाळवण्याची रात्र वेगळी. शेवटची चाचणी टोपणाची: शुक्रवारी संध्याकाळी बंद करून आडवं ठेवलं, सोमवारी सकाळी उघडलं. ‘मंगळवार’मधला अनुस्वार फिकट आला, ‘संध्याकाळ’पासून पुढे शाई नीट.