खाल्लेलं अंगी लागत नाही म्हणे

शेजारच्या बंगल्यातला जर्मन शेफर्ड कायम गच्चीवर बांधलेला. केसाळ जात, त्यामुळे लांबून धडधाकट दिसायचा. जूनच्या पावसात भिजला, केस अंगाला चिकटले आणि मला त्याच्या बरगड्या मोजता आल्या. त्याचे मालक असलेल्या काकांना विचारलं, तर म्हणाले, "अगं, आजारी आहे तो. कितीही घाल, खाल्लेलं अंगी लागत नाही."

हे खरंही असू शकत होतं. जंत, मधुमेह, स्वादुपिंडाचा बिघाड असला तर भरपेट खाणारा कुत्राही वाळतो. म्हणून पोलिसांत न जाता मी गळ घातली, दवाखान्यात मी नेते, खर्चही माझा.

डॉक्टर मॅडमनी आधी हातानेच चाचपलं. मला म्हणाल्या, "मूठ आवळ आणि वरच्या उंचवट्यांवरून बोट फिरव. आता याच्या बरगड्यांवरून." दोन्हीकडे तसंच लागलं. निरोगी कुत्र्याच्या बरगड्या सपाट पसरलेल्या पंजाच्या पाठीसारख्या लागतात, हाडं हाताला कळतात पण टोचत नाहीत. अंगकाठीला १ ते ९ गुण देतात: १ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे अतिलठ्ठ, आणि ४-५ म्हणजे उत्तम. याला २. वजन १९ किलो. डोक्यावरचे, मांड्यांचे स्नायूही झडलेले.

रक्तात गोचीड ताप निघाला. म्हणजे काका अर्धं खरंच बोलले होते. मॅडमही प्रामाणिक. आजाराने किती वाळला आणि उपासाने किती, हे वेगळं सांगता येणार नाही म्हणाल्या. पण पट्टा काढला तर खाली गोचिडींचे घोस होते, नखं वाढून वळली होती, आणि औषधाची एकही चिठ्ठी काकांकडे नव्हती. "इतकं वाळायला महिने लागतात. ते रोज समोर दिसत होतं," असं त्या म्हणाल्या आणि दाखल्यात तेच लिहिलं. मला हेच हवं होतं. नुसत्या बरगड्या दाखवून मी भांडले असते, तर तक्रार टिकली नसती.

खाणं थोडं थोडं, दिवसातून चारदा सुरू केलं. उपाशी शरीरावर एकदम मारा केला तर जीवही जातो. वरून आणि बाजूने फोटो काढले, दर आठवड्याला वजन टिपलं.

१९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पुरेसं अन्नपाणी न देणं हा मालकाचा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड १० ते ५० रुपये! वाचून हात थरथरले. तरीही दाखला जोडून तक्रार दिली. चौथ्या दिवशी काकांनी कुत्रा मला लिहून दिला.

आता तो २९ किलोचा आहे. मानेवर पट्ट्याच्या जागी केस मात्र अजून आलेले नाहीत.