शिगाराकीच्या भट्टीवरची रात्रपाळी

क्योतोहून निघायचं, कुसात्सु आणि किबुकावाला गाडी बदलायची आणि शेवटचे पंधराएक किलोमीटर एका डब्याच्या डिझेल गाडीने डोंगरात शिरायचं. शिगाराकीला उतरलं की जिकडेतिकडे भाजक्या मातीचे तानुकी, म्हणजे कोल्ह्यासारख्या एका जपानी प्राण्याचे पुतळे, दिसतात. गोल पोट, डोक्यावर गवती टोपी, हातात साकेची सुरई. गाव पिढ्यान्‌पिढ्या मातीवर जगलेलं. 1990 साली इथे सिरॅमिक कल्चरल पार्क उभं राहिलं. देशोदेशीचे कलाकार तिथे रेसिडेन्सीसाठी येऊन राहतात, काम करतात. नोव्हेंबरात मीही तिथे होते.

इथली माती हातात घेतली की आधी खरखर जाणवते. बिवा सरोवर पुरातन काळी याच भागात होतं, त्याच्या तळाचा हा गाळ. त्यात फेल्डस्पार आणि गारगोटीचे कण असतात. भट्टीत ते भांड्याच्या अंगावर पांढऱ्या फोडांसारखे वर येतात, आणि जाणकार ते फोड बोटाने चाचपून भांड्याचं कौतुक करतात. माती मळायची इथली रीत म्हणजे किकुनेरी. तळहाताने दाबत गोळा थोडाथोडा फिरवत राहायचं. घड्या पडत जातात आणि पाहता पाहता गोळ्यावर पाकळ्या उमटतात. किकु म्हणजे शेवंती! ते कळल्यापासून रोज सकाळी माती मळताना मला दादरचा फूलबाजार आठवायचा.

शेजारच्या टेबलावर कोरियाहून आलेली एक कुंभारीण होती. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, म्हणून तिने मला 'ऑन्नी' म्हणायला सांगितलं. मी म्हटलं, आमच्याकडे ताई. मग मी तिला ताईच म्हणू लागले. इंग्रजी दोघींचंही बेताचं. पहिले पंधरा दिवस आमचं बोलणं 'चहा?' आणि 'थंडी!' यापुढे गेलं नाही. प्रत्येकाने आपापल्या कामाची चित्रं पडद्यावर दाखवायचा कार्यक्रमही झाला. त्यातून ओळख झाली, पण जवळीक नाही.

ती झाली अनागामाने. अनागामा म्हणजे उतारावर बांधलेली बोगद्यासारखी लाकडाची भट्टी. आमची चार दिवस-रात्र पेटती होती. पाळ्या लागल्या, आणि रात्री बारा ते सकाळी सहा आम्ही दोघी. दर काही मिनिटांनी लाल पाइनची फाटी आत सारायची, झाकण लावायचं, धुराड्याकडे बघायचं. काळा धूर विरला की पुन्हा फाटी. राख उडून भांड्यांवर बसते आणि साडेबाराशे अंशांपलीकडे वितळून तिची हिरवी काच होते. वेगळं ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, लावायचं नाही, जे करायचं ते आगीने. झरोक्यातून पाहिलं की पांढऱ्या झोतात तापमान दाखवणारे शंकू वाकताना दिसतात, आणि पापण्या करपतील असं वाटतं.

दुसऱ्या रात्री मी भाताच्या गोळ्यांबरोबर शेंगदाण्याची चटणी काढली. ती खाता खाता ताईने आजीच्या ओंगीबद्दल सांगितलं. किमची आणि सोयाबीनचा ठेचा मुरवायचे मोठाले रांजण. मी आजीच्या लोणच्याच्या बरणीबद्दल सांगितलं, आणि त्या मातीला आम्ही 'चिनी' म्हणतो हेही. मग ती भट्टीकडे बोट करून म्हणाली, "ही आमच्याकडून आली." खरंच आहे ते. पाचव्या शतकात बंद भट्टीचं हे तंत्र कोरियातून जपानात आलं. पुढे 1592 नंतरच्या स्वाऱ्यांत जपानी सरदारांनी कोरियातले कुंभार धरून आणले आणि क्युशूत वसवले. तिथल्या आरिता गावच्या पोर्सेलीनची सुरुवात त्यांच्याच हातून झाली. 1919 साली आपल्याकडचे कुंभार-कलावंत सरदार गुरचरण सिंग हे काम शिकायला जपानला आले, ते स्वखुशीने. तिचे लोक बांधून आणले गेले होते. आणि आता आम्ही दोघी रीतसर निमंत्रणपत्र घेऊन त्याच विद्येपाशी फाटी सारत बसलो होतो. ताई बराच वेळ गप्प होती. मीही काही बोलले नाही. फाटी तेवढी वेळेवर आत जात राहिली.

भट्टी निवायला जवळपास आठवडा गेला. दार उघडलं तेव्हा माझी बरणी मागच्या रांगेत होती. एका कुशीवर हिरवी काच ओघळलेली, दुसरी कूस तांबूस, कोरडी. बुडाशी केसाएवढी रेघ दिसत होती. वाळवायची घाई मीच केली होती. ताईने ती उचलली, कानाजवळ धरली आणि टिचकी मारली. माठ घेताना आजी कुंभारवाड्यात मारायची तशीच, मधलं बोट वाकवून.

आवाज बद्द आला. ताईने मान हलवली, बरणी खाली ठेवली आणि मातीची नवी पिशवी फोडून माझ्यासमोर सरकवली.