परदेशी वृत्तवाहिनी भारतात आणताना : एका कागदाने अडवलेली फाईल

परदेशी भाषेतली वृत्तवाहिनी भारतात केबल आणि डीटीएचवर दाखवायची तर माहिती व प्रसारण मंत्रालयाची डाउनलिंकिंगची (उपग्रहावरचा सिग्नल भारतात उतरवून घेण्याची) परवानगी लागते. आमच्या कंपनीतर्फे ती फाईल मी सांभाळली. परवानगी मिळून बरेच महिने झाले, तरी त्यातल्या एका कागदाची आठवण झाली की अजून डोकं तापतं.

सुरुवात चांगली झाली. अर्ज ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. अर्जदार भारतात नोंदलेली कंपनी हवी. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांपासून एलएलपीलाही (मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्थेलाही) मुभा आहे. नेटवर्थचं प्रमाणपत्र सीएंनी ताळेबंद बघून लगेच दिलं. वाहिनीच्या मालकांशी करारही झाला.

अडलं ते एका अटीवर. वाहिनी ज्या देशातून अपलिंक होते, म्हणजे तिचा सिग्नल जिथून उपग्रहावर चढतो, तिथल्या नियामकाने तिच्या प्रक्षेपणाला परवानगी दिलेली असली पाहिजे आणि तसा पुरावा अर्जाला जोडायचा. ही अट २००५ च्या डाउनलिंकिंग धोरणापासून आहे, म्हणजे नवी मुळीच नाही. पण आमची वाहिनी एका देशाची, तिचा परवाना त्याच देशाचा, आणि आशियासाठीचा सिग्नल मात्र उपग्रहावर चढायचा तिसऱ्याच देशातल्या भाड्याच्या टेलिपोर्टवरून (उपग्रहाकडे सिग्नल पाठवणाऱ्या केंद्रावरून). या धंद्यात हे सर्रास चालतं.

त्या तिसऱ्या देशाच्या नियामकाने कळवलं की आम्ही परवाना टेलिपोर्टला दिलाय. ही वाहिनी आमच्याकडे दिसतच नाही, तर तिच्याबद्दल लिहून काय देणार? त्यांचं म्हणणं मला पटलं. संताप आला तो वाहिनीच्या वितरण विभागाचा. प्रत्येक मेलला एकच उत्तर: आम्ही एवढ्या देशांत दिसतो, हा कागद कुणीच मागत नाही. मी अटीचं वाक्य अधोरेखित करून पाठवायचे, त्यावर माहितीपत्रक यायचं. पुन्हा पाठवायचे, तर कुठकुठल्या देशांत दिसतो त्याची यादी यायची. शेवटी ‘हा घ्या परवाना’ म्हणून त्यांनी टेलिपोर्टचाच परवाना धाडला. त्यात अँटेनाचा व्यास होता, फ्रिक्वेन्सी होती, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश होते. वाहिनीचं नाव कुठेच नव्हतं. तो कागद फाईलला लावला असता तर त्रुटी निघून फाईल परत आली असती, म्हणून मी लावला नाही. आमचे साहेब म्हणाले, ‘जोडून तर टाका, पुढचं पुढे बघू.’ मी ठाम नाही म्हणाले, आणि आजही तेच म्हणेन.

अट मला मुळातच योग्य वाटते. बातम्या देणारी वाहिनी कुठल्या तरी देशात कुणाला तरी उत्तरदायी असायलाच हवी. ही अट वाचायची तसदी न घेणाऱ्यांनी आमचे महिने खाल्ले.

वाट काढली ती त्यांच्या तांत्रिक विभागातल्या एका इंजिनिअरने. वितरणवाल्यांना बाजूला ठेवून मी थेट फोन केला. त्यांनी नकाशा उघडला आणि सांगितलं की वाहिनीच्या स्वतःच्या देशातल्या अर्थ स्टेशनवरूनही (जमिनीवरच्या उपग्रह केंद्रावरूनही) तो उपग्रह दिसतो, टेलिपोर्टचा करार संपत आलाय, अपलिंक तिकडे हलवता येईल. त्या फोननंतर मला किती हलकं वाटलं, सांगता येणार नाही. म्हणून माझा पहिला सल्ला: करारावर सही करण्याआधी इंजिनिअरला विचारा की भारतावर पडणारा सिग्नल नेमका कुठून चढतो.

मग वाहिनीच्याच देशाच्या नियामकाचं पत्र मिळालं, पण त्यांच्या भाषेत. त्याचा प्रमाणित इंग्रजी अनुवाद आणि अपॉस्टिल (परदेशात चालणारं अधिकृत साक्षांकन) करून घेतलं. पत्रात वाहिनीचं नाव आद्याक्षरांत होतं आणि करारात पूर्ण. ते पत्र मी पुन्हा काढायला लावलं. नाव सगळ्या कागदांवर अक्षरशः एक हवं.

कराराबद्दल एक राहिलं. भारतापुरते जाहिरात आणि वर्गणी या दोन्ही उत्पन्नांचे एकहाती हक्क तुमच्याकडे आहेत, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. आणि तरीही परदेशी वृत्तवाहिनीवर भारतीय प्रेक्षकांसाठीच्या जाहिराती चालत नाहीत. सरकारने खास सूट दिली तरच. मार्केटिंगवाल्यांना हे आधीच सांगा, नाहीतर ते आकडे मांडून बसतात. वाहिनी खास भारतीय प्रेक्षकांसाठी बनवलेलीही चालत नाही, त्यामुळे सादरीकरणात ‘भारतासाठी नवी वाहिनी’ असली वाक्यं घालू नका.

संचालकांची सुरक्षा तपासणी गृह मंत्रालयाकडून होते. ती चालू असताना संचालक बदलू नका.

परवानगीनंतर डीटीएच कंपन्या आणि एमएसओ (मोठे केबल वितरक) यांच्याशी करार करायचे असतात. ते आमचे सुरळीत झाले. दाखवलेल्या कार्यक्रमांचं ९० दिवसांचं रेकॉर्डिंग जपून ठेवणं मात्र बंधनकारक आहे, तेव्हा त्याच्या सर्व्हरची ऑर्डर परवानगीची वाट न बघता देऊन ठेवा.