सूज उतरली, पण...

"आता डोळे मिट आणि त्याच पायावर उभी राहा," फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या.

घोटा मुरगळलेल्या माझ्या भाचीने डोळे मिटले आणि लगेच डोलायला लागली. डोळे उघडे असताना हीच मुलगी छान उभी होती! सूज नाही, दुखणं नाही. सोमवारपासून तिला पुन्हा खेळायला जायचं होतं.

घोटा मुरगळतो तेव्हा पाऊल बहुतेकदा आत वळतं आणि बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलं जातं, कधी फाटतंही. हाडाला हाड बांधून ठेवणं एवढंच त्याचं काम नाही. सांधा किती वळलाय याची खबर मेंदूला देणारी मज्जातंतूंची टोकंही त्यात असतात. डोळे मिटले की तोल सावरायला याच खबरेवर जास्त भिस्त असते. ती खबर नीट पोचली नाही, की पाऊल सावरणारे पायाच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू उशिरा जागे होतात. म्हणून तर एकदा मुरगळलेला घोटा अनेकांचा पुन्हा पुन्हा मुरगळतो.

हे मला राहून राहून खटकतंय. बँडेज सुटलं की घरचे "झालं बरं" म्हणून मोकळे होतात. तोल सावरायचे व्यायाम कंटाळवाणे, त्यामुळे तेच आधी बंद पडतात.

खेळणाऱ्या पोरांना हे मैदानावर कोणी सांगतं का?