कॉन्कॉर्डच्या मागावर: आधी वॉशिंग्टन, मग न्यू यॉर्क

अमेरिकेतल्या संग्रहालयांत ठेवलेली कॉन्कॉर्ड, म्हणजे ध्वनीहून वेगाने उडणारी जुनी प्रवासी विमाने, पाहायला निघणाऱ्यांना माझा पहिला सल्ला असा, की न्यू यॉर्कच्या आधी वॉशिंग्टन गाठावे. न्यू यॉर्कचे विमान शहराच्या मध्यभागाजवळ असल्यामुळे बहुतेक जण तेवढेच पाहून परततात. पण अटलांटिकवरील स्वनातीत (ध्वनीहून वेगवान) प्रवासी सेवेची सुरुवात ज्या क्रमाने झाली, त्याच क्रमाने ही स्थळे पाहिली तर सगळे प्रकरण नीट उलगडते. या प्रवासानंतर माझे मत पक्के झाले आहे, की त्या पहिल्या काही वर्षांत खरी लढाई वेगाची नव्हतीच, ती जमिनीवरून मिळायच्या परवानगीची होती.

२१ जानेवारी १९७६ रोजी प्रवासी सेवा सुरू झाली, तेव्हा ब्रिटिश एअरवेजचे विमान लंडनहून बहारीनला आणि एअर फ्रान्सचे पॅरिसहून डकारमार्गे रिओला गेले. ज्या मार्गासाठी हे विमान मुळात बांधले होते, तो अमेरिकेचा मार्ग अजून बंदच होता. अमेरिकेचे तत्कालीन वाहतूकमंत्री विल्यम कोलमन यांनी ४ फेब्रुवारी १९७६ रोजी सोळा महिन्यांच्या प्रायोगिक सेवेला मान्यता दिली. वॉशिंग्टनचा डलेस विमानतळ थेट केंद्र सरकारच्या ताब्यात असल्यामुळे तिथे अडचण आली नाही. न्यू यॉर्कचा केनेडी विमानतळ मात्र पोर्ट ऑथॉरिटी ही स्थानिक संस्था चालवत असे आणि तिने आवाजाच्या कारणावरून बंदी घातली. म्हणून २४ मे १९७६ रोजी लंडन आणि पॅरिसहून निघालेली दोन विमाने काही मिनिटांच्या अंतराने डलेसला उतरली आणि छायाचित्रकारांसाठी नाकासमोर नाक करून उभी राहिली.

त्या दोघांपैकी एअर फ्रान्सचे विमान (नोंदणी एफ-बीव्हीएफए) आज डलेसलगतच्या उडवार-हेझी केंद्रात, म्हणजे स्मिथसोनियनच्या विमान-अंतराळ संग्रहालयाच्या शाखेत आहे. रिओ, वॉशिंग्टन आणि न्यू यॉर्क या तिन्ही मार्गांवरील एअर फ्रान्सची पहिली सेवा याच विमानाने दिली आणि १७,८२४ तास उड्डाण करून ते २००३ च्या जूनमध्ये इथे कायमचे विसावले. प्रवेश विनामूल्य आहे, वाहनतळाचे शुल्क मात्र भरावे लागते. गाडी नसेल तर मेट्रोच्या सिल्व्हर लाइनने डलेस विमानतळाचे स्थानक गाठावे आणि तिथून फेअरफॅक्स कनेक्टरची ९८३ क्रमांकाची बस घ्यावी. बस वारंवार नसते, म्हणून परतीची वेळ आधीच पाहून ठेवावी.

या विमानात आत जाता येत नाही, पण त्याची खंत वाटून घेऊ नये, कारण बाहेरूनच पाहण्यासारखे पुष्कळ आहे. प्रथम वरच्या पुलावरून पंख पाहावेत. खालून सपाट त्रिकोणासारखा वाटणारा पंख वरून पाहिला की त्याची कड कशी वळत, पिळत गेली आहे ते कळते; या आकारामुळेच कमी वेगात, नाक वर करून उतरताना पंखावर हवेचे भोवरे तयार होऊन विमान तोलले जाई. मग खाली येऊन शेपटीकडे जावे. मागच्या बाजूला पोटाखाली एक छोटेसे चाक आहे, जे घाईत नजरेतून सुटते. नाक इतके उंच करून उतरणाऱ्या विमानाची शेपूट धावपट्टीला घासू नये, यासाठी ते बसवले होते. जवळच चार ऑलिम्पस इंजिनांची धुराडी आहेत. उड्डाणाच्या वेळी यातून निघणाऱ्या वायूत पुन्हा इंधन जाळून जोर वाढवला जाई आणि न्यू यॉर्कच्या रहिवाशांनी ज्या आवाजाविरुद्ध मोर्चे काढले, तो आवाज इथलाच. त्या धुराड्यांपाशी मी बराच वेळ उभा होतो आणि त्या रहिवाशांची तक्रार मला खोटी वाटेनाशी झाली.

शक्य असल्यास केंद्राच्या मनोऱ्यावरही जावे; डलेसवर उतरणारी विमाने तिथून दिसतात.

न्यू यॉर्कमध्ये पोर्ट ऑथॉरिटीची बंदी न्यायालयात टिकली नाही. १७ ऑक्टोबर १९७७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला, दोनच दिवसांनी चाचणीचे विमान केनेडीवर उतरले आणि २२ नोव्हेंबरला लंडन व पॅरिसहून नियमित सेवा सुरू झाली.

इथले विमान, जी-बीओएडी, हडसन नदीवरील पियर ८६ येथे इंट्रेपिड संग्रहालयात आहे. न्यू जर्सीत मुलांकडे आलेल्या मराठी पालकांना हे सहज जमण्यासारखे आहे: एडिसनहून रेल्वेने पेन स्टेशन, किंवा वीहॉकनहून फेरीबोटीने मिडटाउनचा धक्का, आणि तिथून नदीकाठाने चालत जावे. आतून विमान पाहायचे असेल तर मार्गदर्शित फेरीचे वेगळे तिकीट लागते. ते आधीच घ्यावे. आतली वाट अरुंद आणि छत बुटके आहे. खिडक्या तळहाताएवढ्या आहेत, कारण अठरा किलोमीटर उंचीवर एखादी फुटलीच तर आतली हवा लगेच निघून जाऊ नये. ७ फेब्रुवारी १९९६ रोजी याच विमानाने न्यू यॉर्क ते लंडन हे अंतर २ तास ५२ मिनिटे ५९ सेकंदांत कापले.

या विमानाचा आपल्याशीही संबंध येतो. लंडन–बहारीन–सिंगापूर मार्गासाठी त्याची डावी बाजू सिंगापूर एअरलाइन्सच्या रंगात रंगवली होती. त्या मार्गावर भारताने आपल्या भूमीवरून स्वनातीत वेगाने जाऊ दिले नाही. त्याआधी एअर इंडियानेही दोन कॉन्कॉर्डसाठी हक्क राखून ठेवले होते, पण ती खरेदी कधी झाली नाही. जमिनीवर ध्वनिस्फोट, म्हणजे ध्वनीहून वेगाने जाणाऱ्या विमानाचा स्फोटासारखा आवाज, नको, हा भारताचा आग्रह मला आजही रास्त वाटतो; अमेरिकेनेही १९७३ पासून आपल्या भूमीवर तोच नियम लावला होता.

वेळ असेल तर तिसरे ठिकाण केनेडी विमानतळालगतच्या खाडीतले जमैका बे पक्षी अभयारण्य. केनेडीच्या ३१ डावी (दोन समांतर धावपट्ट्यांपैकी डावीकडची) या धावपट्टीवरून निघालेले कॉन्कॉर्ड चाके उचलता उचलताच डावीकडे कलून या खाडीवर वळे आणि जोर कमी करी, म्हणजे हॉवर्ड बीचच्या वस्तीला आवाजाचा त्रास कमी होई. आजही या धावपट्टीवरून उडणारी विमाने खाडीकडेच वळताना दिसतात, मात्र त्यासाठी वारा वायव्येकडून असावा लागतो. एरवी दुसऱ्या धावपट्ट्या वापरात असतात. तिथे जाण्यासाठी ए मार्गाची भुयारी गाडी घेऊन ब्रॉड चॅनलला उतरावे. सगळ्या ए गाड्या तिकडे जात नाहीत, लेफर्ट्स बुलेव्हार्डची गाडी चालणार नाही, फार रॉकअवेची पाटी पाहूनच चढावे. स्थानकापासून पुढे चालावे लागते, आणि उन्हाळ्यात डासांचे मलम व पाण्याची बाटली बरोबर हवीच.