४० ओळींच्या फाइलमधली १३४ वी ओळ

माहितीच्या टेक्स्ट फाइली तपासणारी पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतली एक जुनी स्क्रिप्ट माझ्याकडे देखभालीला आली. काम साधं होतं. फाइल ओळीओळीने वाचायची आणि काही खटकलं की फाइलचं नाव, ओळ क्रमांक आणि कारण छापायचं. ती यादी हातात घेऊन दुसरी मंडळी एडिटरमध्ये त्या ओळीवर जातात आणि दुरुस्ती करतात. त्यांची तक्रार अशी, की पहिल्या फाइलचे क्रमांक अचूक येतात, पुढच्यांचे मात्र निव्वळ थापा. दुसऱ्या फाइलमध्ये ओळी होत्या ४० आणि स्क्रिप्ट म्हणत होती, ओळ १३४.

अशा वेळी मी कोड उघडायच्या आधी वजाबाकी करतो. पहिली फाइल १२० ओळींची. १३४ मधून १२० गेले, उरले १४. दुसऱ्या फाइलची चौदावी ओळ बघितली, तर तारखेच्या रकान्यात अक्षरं बसलेली. म्हणजे मोजणी बरोबरच चालली होती, फक्त फाइल बदलल्याचा तिला पत्ता नव्हता.

पर्लमध्ये ओळ क्रमांक `$.` या व्हेरिएबलमध्ये मिळतो. ऑक या टेक्स्ट चाळणाऱ्या भाषेत वाचलेल्या ओळी मोजणारा एनआर असतो, त्याचा हा भाऊबंद. नेमकं सांगायचं तर, ज्या फाइल हँडलवरून (उघडलेल्या फाइलची प्रोग्राममधली मूठ) सगळ्यात शेवटी वाचलं, त्याचा तो काउंटर. हँडल क्लोज केलं की तो पुन्हा शून्यावर येतो. पण कमांड लाइनवर दिलेल्या फाइली `<>` या वाचण्याच्या खुणेने वाचल्या, तर एक संपल्यावर पर्ल पुढची त्याच हँडलवर परस्पर उघडतं. मध्ये क्लोज होतच नाही, त्यामुळे आकडा पुढे धावत राहतो. हा बग नाही, मॅन्युअलमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. ऑकने इथे जास्त शहाणपणा दाखवलाय असं माझं मत आहे: सगळ्या फाइलींचा मिळून एनआर आणि चालू फाइलपुरता एफएनआर, दोन्ही तयार. पर्लमध्ये ती सोय आपली आपण करायची.

सोय एका ओळीची आहे: इओएफ (फाइलचा शेवट) आलं की एआरजीव्ही हे कमांड लाइनच्या फाइलींचं हँडल क्लोज करायचं. पण त्यात दोन मेखा आहेत. इओएफ कंसाशिवाय लिहिलं तर चालू फाइलचा शेवट धरला जातो, आणि रिकामे कंस लावले तर एकदम शेवटच्या फाइलचा. कंस लावायची सवय बोटांना असते, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. दुसरी मेख नेक्स्टची, म्हणजे लूपची चालू फेरी अर्धवट सोडून पुढच्या फेरीवर नेणाऱ्या आज्ञेची. आमची स्क्रिप्ट कमेंटच्या ओळी नेक्स्ट म्हणून सोडून द्यायची. फाइलची शेवटचीच ओळ कमेंट निघाली, तर लूपच्या तळाशी लिहिलेलं क्लोज गाठलंच जात नाही आणि पुढच्या फाइलचा घोळ जसाच्या तसा. त्यामुळे क्लोज कंटिन्यू ब्लॉकमध्ये टाकलं. नेक्स्ट झालं तरी तो ब्लॉक चालतो.

एवढं झाल्यावर बहुतेक आकडे जुळले, पण काही ठिकाणी क्रमांक भलताच. तपासणीच्या मध्येच स्क्रिप्ट कोडची यादी असलेली दुसरी फाइल वाचत होती. शेवटचं वाचन तिचं, म्हणून `$.` मध्येही तिचाच आकडा. लोकलने (व्हेरिएबल तात्पुरतं झाकून नंतर पूर्ववत करण्याची पर्लची सोय) `$.` झाकला तर काउंटर झाकला जात नाही, तो कोणत्या हँडलकडे बघतोय तेवढंच जपलं जातं. इथे तेवढं पुरलंही असतं, पण सहा महिन्यांनी कोड वाचणाऱ्याला ते कळायला हवं ना! मी लूपच्या पहिल्याच ओळीत `$.` साध्या व्हेरिएबलमध्ये उतरवून घेतला आणि पुढे सगळीकडे तोच वापरला.

सीएसव्ही फाइलींचा (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या) भाग मी पायथॉन भाषेत नव्याने लिहिला. साध्या फाइलीला एन्युमरेट हे क्रमांक देणारं फंक्शन पुरतं, फक्त स्टार्ट १ द्यायचं, नाहीतर मोजणी शून्यापासून होते आणि एडिटरमध्ये माणूस एक ओळ वर जाऊन पोचतो. सीएसव्हीला मात्र एन्युमरेट चालत नाही. अवतरण चिन्हांतला पत्ता तीन ओळींत लिहिलेला असेल, तर रेकॉर्ड एक आणि ओळी तीन. एन्युमरेट रेकॉर्ड मोजतो, एडिटर ओळी. सीएसव्ही रीडरचा लाइन-नम प्रत्यक्ष वाचलेल्या ओळी मोजतो, पण रेकॉर्ड हातात येईपर्यंत तो त्याच्या शेवटच्या ओळीवर पोचलेला असतो. रेकॉर्डची सुरुवात हवी, तर आधीचा लाइन-नम जपून ठेवून त्यात एक मिळवायचा. मी दोन्ही छापतो: ओळ ५७ ते ५९.

एका फाइलने तरीही छळलं. तिथे अख्खी फाइल एकदम वाचून स्प्लिटलाइन्सने तोडली होती. स्प्लिटलाइन्स नुसत्या न्यूलाइनवर थांबत नाही, फॉर्म फीडवरही (नवं पान सुरू करण्याची खूण) ओळ तोडतो. जुन्या रिपोर्टांत पान बदलताना फॉर्म फीड हमखास असतो. त्यामुळे दर पानाला आकडा एडिटरच्या एक पुढे सरकत होता. फाइल ऑब्जेक्टवर सरळ लूप फिरवला की हा त्रास नाही.

आता आउटपुट ‘फाइलचं नाव, कोलन, ओळ, कोलन, संदेश’ अशा साच्यात येतं. कंपायलर बहुधा याच साच्यात बोलतात, त्यामुळे बरेच एडिटर तो ओळखतात आणि क्लिक केलं की थेट त्या ओळीवर नेतात. रेकॉर्ड अनेक ओळींचा असेल तेव्हा कोलनच्या मध्ये सुरुवातीची ओळ आणि शेवटची संदेशात.